भूत आहे की नाही हे ठरेपर्यंत थांबू नका, आधी साखर तपासा

यल्लम्मा-मायाक्काच्या मुलखात, म्हणजे बेळगावकडच्या सीमाभागात राहून "अंगात येणं म्हणजे निव्वळ ढोंग" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. "बाहेरचं हाय, डॉक्टरला काय कळतंय" म्हणणाऱ्यांशी तर त्याहून जमत नाही. भूत नाही असं माझं मत आहे. पण ते तुमच्या आजीला पटवत बसण्यात दोन दिवस गेले, तर त्या दोन दिवसांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे या विषयात दोनच पक्ष आहेत असंही नाही. माळकरी आजोबा भूतखेत मानत नाहीत आणि त्याच घरातली सून मंगळवारी घुमते. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या मंडळींनी, असल्या देवदेवस्कीला झोडपलं, तरी यल्लम्माच्या सौंदत्तीच्या डोंगरावर त्यांना मानणारी मंडळीही दिसतात. कुराणात जिन आहेत, पण ते माणसाच्या अंगात शिरतात का यावर मुसलमान विद्वानांचा जुना वाद आहे. खानापूरकडचे कॅथलिक सैतान मानतात, मात्र बिशपच्या परवानगीशिवाय कुठल्याही फादरला सैतान काढायचा विधी करता येत नाही. १९९९ च्या सुधारित विधीत तर आधी आजार नाही ना हे बघा, असं बजावलेलं आहे. सैतान मानणारे आधी डॉक्टरला विचारतात, एवढं आपल्या भूत उतरवणाऱ्या देवरशांनी घेतलं तरी पुष्कळ.

आता जत्रेतलं वारं, म्हणजे अंगात येणं. चौंडकं घुमतंय, "उधं गं आई उधं" चालू आहे, सकाळपासून पोटात अन्न नाही, धुपाचा धूर कोंडलाय आणि बाई भराभर श्वास घ्यायला लागते. असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हाताची बोटं आपोआप आखडतात. हे कुणालाही होईल, नास्तिकालाही. पुढचं काम भोवतालचे लोक करतात, कारण घुमायचं कसं हे ती लहानपणापासून बघत आलेली असते. सासूपुढं कधी तोंड न उघडलेली बाई वाऱ्यात सासूला एकेरीत झापते आणि सगळं घर हात जोडून ऐकतं. नंतर तिला त्यातलं बरंचसं आठवतही नाही. वाद्यं थांबली, भंडारा लागला की ती थोड्या वेळात पाणी मागते आणि भाकरी थापायला बसते. याला आजार म्हणायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत 'पझेशन ट्रान्स डिसऑर्डर' आहे, पण समाजात मान्य असलेल्या विधीतलं घुमणं त्यात धरत नाहीत. नको असताना, पुन्हा पुन्हा, विधीबाहेर येत असेल आणि त्यानं घर-शेत-कामधंदा बिघडत असेल, तरच तो आजार.

सीमाभागातला हुकमी पुरावा म्हणजे "हिला कन्नड येत नाही, तरी घडाघडा कन्नड बोलली". बस कन्नडमधून बोलते, बाजार कन्नडमधून बोलतो, सौंदत्तीचा पुजारी कन्नडमधून बोलतो, आणि कानांनी वीस वर्षं ते सगळं साठवलेलं असतं. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि शेजारच्या कन्नड माणसाला ऐकवा. बहुतेक वेळा तीच चार-पाच ठरलेली वाक्यं फिरून फिरून येतात. त्या शेजाऱ्याला मध्येच तिला कन्नडमधून एखादा साधा प्रश्न विचारायला लावा, आज बटाट्याचा भाव काय झाला म्हणून, मग बघा.

खरा घोळ जत्रेबाहेर होतो. माणूस घरात अचानक असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, अंगावर धावून आला, तर लिंबू कापायच्या आधी ग्लुकोमीटर शोधा. साखरेच्या गोळ्या चालू ठेवून मंगळवार-शुक्रवार कडक उपवास करणारी म्हातारी माणसं घरोघरी आहेत. दुपारी दरदरून घाम, हात थरथर, तोंडाला येईल ते बडबडणं. साखर ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्याच, कारण काही गोळ्यांचा असर लांबतो आणि साखर परत उतरते.

ताप आणि बडबड एकत्र असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. रोज पिणारा माणूस माळ घातली म्हणून एका दिवसात दारू तोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, हात कापतात. घरचे म्हणतात देवी कोपली. ही दारू एकदम तुटल्याची वेडबडबड आहे. यात माणूस दगावतो, आणि त्याला बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन व दाखल करणं लागतं. माळ घालायची तर जरूर घाला, पण दारू डॉक्टरला विचारून सोडा.

बाळंतिणीचं तर जास्त जपून. हजारात एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, तीव्र मनोविकार होतो. झोप पार उडते, "हे बाळ माझं नव्हे" असं म्हणते. हडळ म्हणून तिला कोंडू नका, बाळासोबत एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. तरुण मुलगी आठ-पंधरा दिवसांत पार बदलली, तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, मग एकदम गप्प, तर मेंदूच्या एका सुजेची तपासणी करायला सांगा. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. हा आजार २००७ मध्ये नीट ओळखला गेला, कधी कधी त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं, आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी सुधारतात. त्याआधी अशा किती जणींना झाडाला बांधलं असेल कोण जाणे.

फिटचं वेगळंच. खरी फिट साधारण दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. त्या वेळी नाकाशी कांदा असेल तर श्रेय कांद्याला, चप्पल असेल तर चपलेला. फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात, जिभेची कड चावली जाते, लघवी होते, झोपेतही येते. ताणातून येणाऱ्या झटक्यात डोळे गच्च मिटलेले, मान डावी-उजवी हलते, वेळ लांबतो. पण एकाच खुणेवर निकाल लावू नका, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. डोळे दिसतील असा व्हिडिओ घ्या, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८.

उपचार सुरू झाले की आणखी एक खड्डा आहे, आणि तो डॉक्टर घाईत सांगत नाहीत. मनोविकाराच्या काही औषधांनी पहिल्या तीन-चार दिवसांत मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरात एकच ओरड, "परत आलं!" आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. हा औषधाचा परिणाम आहे, एका इंजेक्शननं थोड्या वेळात सुटतो. दाखवा, डोस बदलून घ्या, गोळ्या मनानं सोडू नका. पुरता फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात.

धारवाडच्या डिमहान्सला (सरकारी मनोविकार रुग्णालय) किंवा बेळगावात मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना दोन्ही भाषा येणारा माणूस सोबत घ्या. "छातीत धडधडतंय" आणि "छातीवर कोण तरी बसतंय" यातला फरक मोडक्या कन्नडमधून पोचत नाही. निघण्याआधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ आहे, फुकट.

मारणं, मिरचीची धुरी, साखळदंड यांवर मात्र माझ्याकडून तडजोड नाही. धुरीनं दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो. शेंदरात शिसं असतं, तो अंगाऱ्यातून पोटात जाऊ देऊ नका. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्या असल्यामुळे पळता न आलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कर्नाटकात २०१७ चा, आणि शिक्षा दोन्हीकडे सात वर्षांपर्यंत. निपाणी सोडून कागलला नेलं म्हणून सुटका नाही. पूजा, प्रदक्षिणा, वारी, जत्रा यांना दोन्ही कायदे हात लावत नाहीत, हे "आमच्या देवावर बंदी आणली" म्हणणाऱ्यांनी वाचून घ्यावं.

देवरशाला शत्रू करून घेऊ नका, असं पुरोगामी मित्रांनाही सांगणं आहे. तो तासभर ऐकून घेतो, आपल्याकडं दुसरं कोण तेवढं ऐकतं? गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून मुजावर दुआ देतात आणि आवारातच मनोविकाराचे डॉक्टर औषध देतात. सौंदत्तीच्या पौर्णिमेला आणि मायाक्काच्या चिंचलीच्या जत्रेत असंच एक टेबल हवं. त्यावर ग्लुकोमीटर, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, आणि कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी नर्स. देवस्थान समितीनं मनावर घेतलं तर मांडवाच्या खर्चात बसेल. भंडारा लावून झाला की पुजाऱ्यानं फक्त बोट दाखवायचं, तिकडं पण जाऊन या म्हणून.