पडकं ते पडकंच राहू द्या की!

काशच्या बाजारातली एक चढाची गल्ली. तिच्या वरच्या टोकाला भली थोरली दगडी शवपेटी उभी आहे, झाकणावर सिंहांची मुंडकी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. पायथ्याशी एक मांजर पिल्लांना घेऊन पसरलेलं आणि शेजारच्या दुकानदार बाईंनी तिथेच दुधाची वाटी ठेवलेली. नवरा म्हणाला, "आपल्याकडे असती तर एव्हाना शेंदूर फासून नवस सुरू झाले असते." खोटं कशाला बोला, झालेच असते.

काश हे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. आपली मंडळी इस्तंबूल, कापादोकियाचे फुगे आणि पामुक्काले करून परततात. अंताल्या ते फेथिये हा पट्टा बहुतेकांच्या यादीत नसतोच. रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो, खाली असं निळं पाणी की वळणावर गाडी चालवणाऱ्याला दम द्यावा लागतो, "समोर बघ!" हा सगळा प्राचीन लिशिया नावाचा मुलूख. आणि इथले लोक मेलेल्यांना गावाबाहेर पाठवायला फारसे उत्सुक नसावेत, कारण थडगी रस्त्यात, कड्यात, आणि केकोवा बेटाजवळ तर चक्क समुद्रात उभी आहेत.

मायरा या जुन्या लिशियन नगराच्या कड्यातली थडगी पाहिली आणि मी जागच्या जागी थांबले. दगडात कोरलेली वाश्यांची टोकं, खाचा, चौकटी, सगळं लाकडी घराचं. अहो, हे तर आपलं भाजे! इकडच्या शवपेट्यांची झाकणंही बाजूने पाहिली तर चैत्याच्या कमानीची आठवण करून देतात. कुणी कुणाचं पाहून केलं या भानगडीत मी पडत नाही. सुताराची सवय पाथरवटाच्या हातातून लवकर जात नाही, एवढंच मला दिसलं.

आता मुद्द्याचं. पातारा या दुसऱ्या जुन्या नगरात लिशियन संघाचं, म्हणजे इथल्या नगरांच्या एकजुटीचं, सभागृह आहे. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की या संघात २३ नगरं होती; मोठ्या नगराला तीन मतं, मधल्याला दोन, बाकीच्यांना एक. अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद चालू असताना तिच्या बाजूने लढणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टनने याच संघाचा दाखला दिला होता. एवढं वाचून मी भारावून आत गेले आणि... हिरमोड. सभागृह नव्याने उभारलंय. पायऱ्या गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र. एखाद्या कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर आल्यासारखं वाटलं. शेजारचं नाट्यगृह शतकानुशतकं वाळूत गाडलेलं होतं, ते मोकळं केलंय, तिथे मात्र झिजल्या पायरीवर बसून मी अर्धा तास हलले नाही.

नवऱ्याचं म्हणणं उलट. सामान्य माणसाला जोत्यावरून इमारत दिसत नाही, उभारून दाखवली तर पोरांना कळतं तरी. मी म्हटलं, रायगडावरच्या बाजारपेठेची नुसती जोती आहेत, तिथे उभं राहिल्यावर तुझं डोकं चालतं ना? तिथे कुणी शटर लावलेली दुकानं बांधून दिली तर? (या वाक्यावरून मला झोडपणारे आहेत, माहीत आहे. झोडपा.)

बरं, उचलून नेणं त्याहून वाईट. झँथॉस या लिशियन नगरातलं नेरिड स्मारक (मोठं शिल्पांकित थडगं) चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने १८४०च्या दशकात इंग्लंडला नेलं, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथल्याच हार्पी नावाच्या थडग्याची शिल्पंही तिकडेच. जागेवर त्यांचे साचे काढून बसवलेत. उन्हात मान वर करून बघायचं आणि बघतोय ती नक्कल! पातारात निदान दगड आपल्या गावात तरी आहेत, एवढं नवऱ्याला कबूल केलं.

शेवटच्या दिवशी केकोवाला होडी केली. दुसऱ्या शतकातल्या भूकंपांनी इथला किनारा खचला आणि अर्धं गाव पाण्याखाली गेलं. तिथे पोहायला बंदी आहे, आणि मला ती फार आवडली. होडीवाल्या काकांनी इंजिन बंद करून चहाचे इवलेसे पेले पुढे केले. कड्यात कोरलेला एक जिना पाण्यापर्यंत येतो आणि पाण्यातही उतरत राहतो. चौथ्या पायरीवर मासे होते, सातवीपर्यंत मी मोजल्या. पुढे नुसती निळाई.

नवऱ्याने विचारलं, "हाही बांधून काढायचा का?"

मी चहा प्यायले.