ढिम्म मीटर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या लॅबमध्ये दोन पीएच मीटर होते (द्रावण किती ॲसिडिक ते मोजणारे; ॲसिड जास्त, तर आकडा कमी) आणि दोघांवरही कुणाचा विश्वास नव्हता. मीटर अडला की लॅबमधले मामा यायचे, डाव्या अंगाला एक थाप मारायचे, आणि तो मुकाट आकडा दाखवायचा.

त्या दिवशी प्रॅक्टिकल बफरचं होतं. बीकरमध्ये 100 मिली द्रावण. त्यात ॲसिटिक ॲसिड 0.1 मोलर, सोडियम ॲसिटेटही तेवढंच. वरून ब्युरेटने 1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक मिली सोडायचं आणि रीडिंग लिहायचं. बफर म्हणजे काय, हे सरांनी तासाला सांगितलं होतं म्हणे. मागच्या बाकापर्यंत ते पोचलं नव्हतं.

सुरुवात 4.76. एक मिली सोडलं, 4.67. ज्या ॲसिडने आई संडासाच्या फरशा लख्ख करते, ते ओतलं आणि मीटरला जांभईसुद्धा आली नाही. दुसरं मिली, 4.58. मामांना हाक मारली. थाप. 4.58. उजवीकडून थाप. 4.58.

"हा गेला," मामांनी निदान केलं.

पलीकडच्या टेबलावर मात्र पहिल्याच मिलीला मीटर 6 वरून थेट 2 वर कोसळला. याला म्हणतात रीडिंग! मी त्यांचे पहिले दोन आकडे उतरवून घेतले, पुढचे अंदाजाने लिहिले, आणि ग्राफही काढून टाकला. इतका देखणा ग्राफ मी पुन्हा कधी काढला नाही.

सरांनी जर्नल पाहिलं. "बीकरमध्ये काय आहे?"

"बफर, सर."

"आणि कागदावर?"

मी गप्प.

"कागदावर पाणी आहे. त्या ग्रुपला तुलनेसाठी डिस्टिल्ड वॉटर दिलंय." (ते 7 ऐवजी 6 का दाखवत होतं, ही शंका मी गिळली. पुस्तकातलं पाणी 7 असतं. लॅबमधलं हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलेलं असतं.)

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हायड्रोजन आयन आला रे आला की ॲसिटेट त्याला धरून आत नेतं आणि त्याचं ॲसिटिक ॲसिड करून टाकतं. ते पडलं दुबळं. घेतलेला हायड्रोजन सहसा सोडत नाही. आणि मीटरला मोजता येतात फक्त बाहेर मोकाट फिरणारे.

"तुझ्या रक्तातही असंच चालतं, बायकार्बोनेटच्या जोरावर. 7.35 ते 7.45, बस. ते तुझ्या या ग्राफसारखं वागलं असतं, तर व्हायवाला तुझा हार घातलेला फोटो आला असता. जा, पुन्हा कर."

पुन्हा केलं. पाच मिलीला 4.28. आठला 3.81. मीटर ढिम्म आहे याचा आता मला अभिमान वाटायला लागला होता. दहाला मात्र एकदम 2.75, आणि अकराव्याला 2.05! पाण्याचंच रीडिंग!

मामा तत्परतेने हात उगारून आले.

"मामा, थांबा! मीटर ठीक आहे. ॲसिटेट संपलंय."

मामांनी हात खाली घेतला, घड्याळ पाहिलं.

"मग उद्या या. स्टोअर बंद झालं."