मांड्याचा हात

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. जळगावची पुतणी, दादाची पोर, वय चोवीस, बीएस्सी होऊन नोकरी शोधायची सोडून नाच बसवते. दादाने एक ओळ टाकली, "नाचीसन पोट भरस का?" खाली पटापट अंगठे.

मी जर्मनीत, वुपरटालला राहतो. नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने १९७३ पासून २००९ मध्ये वारेपर्यंत याच गावात आपली नृत्यसंस्था चालवली. तालमी व्हायच्या एका जुन्या सिनेमागृहात. सुरुवातीला प्रेक्षक दारं आपटून निघून जायचे म्हणे. २०२२ मध्ये जर्मनीची आधुनिक नृत्यपरंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. कलाकारांसाठी १९८३ पासून सरकारी विमा आहे: निम्मा हप्ता कलाकाराचा, उरलेला सरकार आणि कला विकत घेणाऱ्या कंपन्या भरतात. हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. लिहून झाल्यावर जरा ओशाळलो. इथे नाच तिकीट काढून बघतात. आपल्याकडे वरातीत पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर लागला की नवरदेवाची आत्यासुद्धा पदर खोचून उतरते. आणि दादा? थोरल्या पोरीच्या लग्नात दोन तास बँडच्या गाडीसमोरून हलला नव्हता.

पुतणीचं पोट भरतं ते लग्नसराईत. संगीताचे नाच बसवायचे, पैसे साठवायचे. "ती माझी कपाशी," म्हणते. एरवी दुपारी रिकाम्या मंगल कार्यालयात चार मुली घेऊन स्वतःचं काम. पंखा लावला तर विजेचे पैसे वेगळे.

मागे एका कार्यक्रमासाठी तिला 'आदिवासी आयटम' मागितला होता, मोरपिसांचे टोप वगैरे. सातपुड्यात काठी गावच्या होळीला बावा-बुध्या होऊन नाचतात तसा. तिने नाही म्हटलं. "काका, ते नवसाने नाचतात, उपास-नेम पाळून. माझ्यासाठी ती स्टेप कशी होईल?" पैसे गेले, दादा चिडला. मला तिचंच पटलं. पण मग पावरीचं काय? तीही डोंगरातलीच, आणि आपण कुणाला न विचारता कीबोर्डमध्ये भरून लग्नात वाजवतो. हे मी तिला विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. अजून उत्तर दिलेलं नाही.

सध्या ती मांडे बसवतेय. म्हणजे खापरावरचे मांडे करताना बाईचं अंग कसं चालतं ते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत मोठा करत न्यायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. हात हलके, कंबर मात्र ओट्याला रोवलेली, चेहरा धुराकडून वळवलेला. आखाजीच्या, कानबाईच्या सणाला आम्ही हे बघत वाढलो, पण आमचं सगळं लक्ष ताटाकडे. तिने मात्र गावोगावच्या बायकांपुढे बसून हात पाहिले. प्रत्येकीचा निराळा, म्हणते.

परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी कशी करायची ते दाखवा."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी कधी मांडा केलेला नाही. तरी स्वयंपाकघरात उभा राहिलो, रिकामे हात फिरवायला लागलो. बायको दारात येऊन हसत उभी.

"थांबा काका," ती पलीकडून म्हणाली. "तो डावा खांदा वर गेला ना, तो परत करा."

केला.

मग तिने दादाला हाक मारली. "पप्पा, इकडे या. आजीचा खांदा असाच जायचा का?"

दादा आला, चष्मा पुसला, स्क्रीनजवळ तोंड आणलं. "नई रे," मला म्हणाला, "आखो वर."