‘जरा अभ्यास करून लिहावे’ : डलहौसीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय (किंवा महोदया, आपण नाव दिलेले नाही, म्हणून दोन्ही),

दत्तक वारस नाकारून संस्थाने खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी स्वतःच मुलाशिवाय मेला, हा नियतीचा सूड, असे मी त्याच्या घराण्यावरच्या लेखात लिहिले होते. त्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. उलट, ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे पुन्हा देतो:

‘करमणूक झाली. स्कॉटलंडच्या उमरावांच्या वंशावळीत रमणे म्हणजे गुलामीचे अवशेष. नाशपातीची गोष्ट एवढी लांबण लावून कशाला? डलहौसीला दोन मुली होत्या, त्यांची बोळवण एका ओळीत. खालसा धोरण त्याच्या आधीचे, कंपनीच्या संचालकांचे. त्याचे अर्लपद चुलतभावाकडे गेले ते रक्ताने, दत्तकाने नव्हे. त्यामुळे तुमचा ‘नियतीचा सूड’ बाळबोध आहे. जरा अभ्यास करून लिहावे.’

आता ‘करमणूक झाली’ हे काय असते? लेख आवडला नाही असे सरळ म्हणता येते. मी काही नाटक कंपनी चालवत नाही. आणि ‘जरा अभ्यास करून’ हे शेवटी ठेवून द्यायचे, म्हणजे आधीचे सगळे आपण अभ्यासून लिहिले असा भास होतो, ही युक्ती आता फेसबुकवरच्या पोरांनाही ठाऊक झाली आहे. निनावी माणसाने नाव लावून लिहिणाऱ्याला अभ्यास शिकवावा, याचे मला हसू येते. राग येत नाही.

नाशपातीबद्दल आपले म्हणणे मान्य. डलहौसीची आई क्रिश्चियन ब्राउन ही हॅडिंग्टनजवळच्या कोलस्टनची वारस, आणि त्या घराण्यात एका जादूगाराने दिलेली नाशपाती जपून ठेवलेली आहे, ती आहे तोवर घराणे टिकेल, ही दंतकथा मी जरा जास्तच रंगवली. दोन परिच्छेद कापता आले असते. चला, एक मुद्दा आपल्या पदरात.

पण ‘गुलामीचे अवशेष’? हे मात्र मी सोडणार नाही.

माझी उभी नोकरी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून गेली. वंशावळ म्हणजे आपल्याला भाटांची कवने वाटतात, असे दिसते. माझ्या टेबलावर वंशावळ यायची ती स्टँप पेपरवर, प्रतिज्ञापत्रासोबत, मृत्यूच्या दाखल्याला टाचलेली. बाप गेला, वारस लावा. मग गाव नमुना सहा-क मध्ये नोंद, चौकशी, हरकतीची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याचा शेरा आणि मग फेरफार. या कागदात एक बहीण गाळली की दोन पिढ्या कोर्टात जातात. सख्खे भाऊ चावडीत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले मी पाहिले आहेत, ते जमिनीच्या तुकड्यासाठी नव्हे, तर कागदावर आपल्या आईचे नाव कुठे लिहिले आहे यासाठी. त्यामुळे ‘वंशावळीत रमणे’ हे मला कुणी गोऱ्या साहेबाने शिकवलेले नाही.

आणि घरचेच सांगायचे तर माझे वडील दत्तक. मावशीच्या घरी गेलेले. जन्मले एका आडनावात, मोठे झाले दुसऱ्या. दत्तविधान झाले, होम झाला, दत्तकपत्र नोंदले गेले, तरी पुढे कित्येक वर्षे भाऊबंदांपैकी कुणी ना कुणी भर पंगतीत ‘हे आमच्या रक्ताचे नव्हेत’ असे ऐकवायचाच. वडील पान पुढे ओढून जेवत राहायचे. तेव्हा साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये कसे गेले, हे मी पुस्तकातून शिकायच्या आधीच मला थोडे ठाऊक होते, असे म्हटले तर आपण पुन्हा ‘करमणूक झाली’ म्हणाल. म्हणा.

शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी मरण्यापूर्वी दत्तक घेतला. कलकत्त्याला येऊन काही महिनेच झालेल्या पस्तिशीतल्या गव्हर्नर जनरलपुढे ते प्रकरण गेले, आणि त्याने ठरवले की हा मुलगा वडिलांच्या खाजगी मालमत्तेचा वारस असेल, राज्याचा नाही. असे ठरवणारा माणूस स्वतः कुठल्या वारसाहक्काने तिथे पोचला होता, हे विचारणे गुलामी आहे की उलट? लेख मी त्यासाठी लिहिला होता. पुन्हा थोडक्यात सांगतो.

जेम्स रॅमसे, म्हणजेच लॉर्ड डलहौसी. जन्म २२ एप्रिल १८१२, डलहौसी किल्ल्यात, एडिंबराच्या दक्षिणेला. बापाचा तिसरा मुलगा. म्हणजे जन्मतः त्याच्या वाट्याला पदवी नव्हतीच. वरचे भाऊ गेले म्हणून तो वारस झाला, आणि १८३८ मध्ये वडील वारल्यावर दहावा अर्ल (अर्ल ही उमरावांची पिढीजात पदवी, मार्क्विस तिच्या वरची). वडील जॉर्ज रॅमसे, नववे अर्ल, स्पेनमध्ये वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेले. मग नोव्हा स्कॉशियाचे गव्हर्नर, मग साऱ्या ब्रिटिश उत्तर अमेरिकेचे, आणि १८३० ते १८३२ हिंदुस्थानातले सरसेनापती. हॅलिफॅक्सचे डलहौसी विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे, आपल्या डलहौसीच्या नव्हे. कॅनडात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे लागते. सासरे ट्वीडेलचे मार्क्विस, १८४२ ते १८४८ मद्रासचे गव्हर्नर. म्हणजे जावई कलकत्त्याला उतरला तेव्हा सासरे मद्रासेतच होते. ही वंशावळ नव्हे, हा नेमणुकांचा नकाशा आहे. आमच्याकडे पाटीलकी घराण्यात राहते म्हणून नाके मुरडणारे लोक हा नकाशा बघत नाहीत, एवढीच माझी तक्रार होती.

मुलींची बोळवण केली म्हणता. ठीक, आता सविस्तर घ्या. त्यांची आई लेडी सुसान १८५३ मध्ये मायदेशी परतताना बोटीवरच वारली. थोरली मुलगी सुसान. तिचे लग्न रॉबर्ट बर्कशी झाले, तो पुढे लॉर्ड कॉनेमारा म्हणून मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि १८९० मध्ये तिने त्याच्याशी घटस्फोट घेतला. त्या काळच्या उमराव घरात हे धाडस लहान नव्हते. धाकटी एडिथ. तिचे लग्न १८५९ मध्ये सर जेम्स फर्ग्युसनशी झाले. होय, तेच. एडिथ १८७१ मध्ये ॲडलेडला वारली, तेव्हा नवरा तिथे गव्हर्नर होता. नंतर १८८० ते १८८५ तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि पुण्यातल्या कॉलेजाला त्याचे नाव मिळाले. सातारा गिळणाऱ्याच्या जावयाचे नाव टिळक-आगरकरांच्या संस्थेने आपल्या कॉलेजाला दिले, आणि त्या रस्त्यावर आपण सगळे चहा पितो. बिचाऱ्या टिळकांना दोष देत नाही, गव्हर्नराची मर्जी लागायची तो काळ होता. पण हा धागा मला सापडला तो वंशावळ उलगडल्यामुळेच. आपल्या ‘अभ्यासात’ आला होता का? विचारतो आहे फक्त.

धोरण संचालकांचे होते, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पुढे. एवढेच सांगतो की सातारा खालसा करू नये असे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत होते. म्हणजे त्या टेबलावर दोन्ही बाजूंचे कागद होते, आणि डलहौसीने एक उचलला.

राहिला ‘बाळबोध’ सूड. अर्लपद रक्ताने गेले, हे मीही लिहिले होते. आपण तेवढी ओळ ओलांडून गेलात. पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये मिळालेली मार्क्विसची पदवी, जिच्या नावातच ‘पंजाब’ होते, ती १९ डिसेंबर १८६० ला तो मेला तेव्हा मुलगा नाही म्हणून संपली. जुने अर्लपद फॉक्स मॉलकडे गेले. हा मॉल कोण? त्याचा बाप जन्माने रॅमसे, आठव्या अर्लचा धाकटा मुलगा. वडिलांच्या मामाची पॅनम्यूरची मोठी इस्टेट मिळणार म्हणून तो आडनाव आणि कुलचिन्ह बदलून मॉल झाला. म्हणजे आजीच्या माहेरच्या जमिनीसाठी नाव सोडायचे, दुसऱ्या घराचे व्हायचे, आणि कायद्याने ते चालायचे. पुढे फॉक्सला अर्लपद मिळाले तेव्हा त्याने मॉलला परत रॅमसे जोडले. खुद्द आपला डलहौसीही आईच्या कोलस्टनमुळे ब्राउन-रॅमसे. दत्तक नव्हे म्हणता ना? नका म्हणू दत्तक. माझ्या वडिलांनी जे केले तेच, फक्त होम न करता.

आणि १८५७ मध्ये, झाशीच्या दामोदररावाला वारस मानले नाही म्हणून पेटलेल्या त्या वर्षी, लंडनमध्ये युद्धखात्याचा मंत्री हाच फॉक्स मॉल होता. पेटण्याची कारणे आणखी पुष्कळ होती हे मला माहीत आहे, त्यावर वेगळी प्रतिक्रिया लिहू नये.

यापुढे मतभेद जरूर कळवावेत, पण नाव लावून. ‘बाळबोध’ हा शब्द मी माझ्या नातवालाही वापरत नाही.

फॉक्स मॉलही १८७४ मध्ये मुलाशिवाय वारला आणि पदवी आणखी एका चुलतभावाकडे गेली, आरमारातल्या जॉर्ज रॅमसेकडे. त्या बाराव्या अर्लवर लिहिण्याचा माझा काही विचार नव्हता. आता पुढच्या आठवड्यात लिहिणार आहे, नाशपातीसकट.