मऊ शुगर कुकीज कडक का झाल्या: वरच्या कमेंटला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार. तुमची कमेंट सकाळीच वाचली, पण दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून आत्ता निवांत लिहितेय. बटरचे भाव काय झालेत ते मलाही माहितीये, एवढं सामान घालून कुकी दाताने तुटत नसेल तर राग येणारच.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंनी माझ्या रेसिपीने मऊ शुगर कुकीज केल्या, अंड्याऐवजी दही घातलं, साखर निम्मी केली, मैदा कपाने मोजला, पीठ सैल वाटलं म्हणून वरून अजून मूठभर मैदा घालून मळून घेतलं, आणि ९ मिनिटांनी कुकीज पांढऱ्याच दिसल्या म्हणून १६ मिनिटं ठेवल्या. झाल्या टोस्टसारख्या कडक. त्यांचं म्हणणं असं की या अमेरिकन रेसिपी आपल्या ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) होतच नाहीत, ९ मिनिटांत कुकी कच्चीच राहणार, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा आपली नानखटाई काय वाईट.

नानखटाई अजिबात वाईट नाही हो, मला प्रचंड आवडते. पण तिच्यात तूप भरपूर आणि पाणी जवळजवळ नाहीच, ती खुसखुशीतच व्हायला हवी. शुगर कुकीत अंडं आहे, बटरमधलं पाणी आहे, आणि ते पाणी आत राहिलं तरच ती मऊ राहते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मैदा, तूप, साखर बेकरीत नेऊन द्यायची आणि डबा भरून बिस्किटं भाजून आणायची पद्धत होती, त्यामुळे छान बदामी रंग आला की भाजलं असं डोळ्यांना पक्कं बसलंय. मऊ कुकीच्या बाबतीत नेमकी हीच सवय नडते. वरून बदामी होईपर्यंत थांबलात की ती कडक होणारच, मग ओटीजी पुण्यातला असो नाहीतर न्यू जर्सीतला.

९ मिनिटांनी दरवाजा उघडला की काय दिसायला हवं ते नीट सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. कडा मॅट झालेल्या असतात, त्यांच्यावरची ओली चमक गेलेली असते. मधला भाग फुगलेला आणि अजून किंचित ओलसर दिसतो. कडेला नखाने हलकंच ढकललं तर कड जागची हलत नाही, मधे बोट लावलं तर खड्डा पडतो. वरून रंग जवळजवळ नाहीच, पण उलथन्याने एक कुकी जरा उचलून खाली बघितलं तर बुडाशी कडेकडेने फिकट सोनेरी रिंग दिसते. ती दिसली की ट्रे बाहेर! तेव्हा कुकी उचलायला जाल तर मोडेल, म्हणून ६-७ मिनिटं ट्रेवरच राहू द्यायची. ट्रे तापलेला असतो, उरलेलं भाजणं तिथेच होतं, मग जाळीवर काढायची. अंडं कच्चं राहील ही भीती काढून टाका, अंड्याला ७१ अंश सेल्सिअस पुरतात आणि या स्टेजला कुकीचा मधला भाग त्याच्या वर गेलेला असतो.

आता मैदा. रेसिपीत १९० ग्रॅम लिहिलाय तो वजनाने घेण्यासाठीच. चमच्याने हलका भरलेला कप साधारण १२० ग्रॅमचा आणि डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० च्या आसपास, म्हणजे दीड कपातच ४५ ग्रॅमचा फरक पडला, वर तुमची मूठ वेगळी. साधा किचनचा वजनकाटा घ्याच, बेकिंगमध्ये यापेक्षा उपयोगी वस्तू नाही. आणि हे पीठ मळायचं नसतं, मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. मळलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं, ते पोळीला हवंच पण कुकीला चिवट करतं. पीठ सैलच असणार, ते झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बटर घट्ट झालं की गोळे सहज वळतात.

साखर निम्मी केलीत ते गोडासाठी, समजू शकते, पण इथे साखर फक्त गोडीला नाहीये. ती पाणी धरून ठेवते आणि ग्लुटेन जास्त बनू देत नाही. रेसिपीतली १५० ग्रॅमची १३० करा, त्याखाली नको. फार गोड वाटलं तर लिंबाची साल किसून घाला. आपली साखर जाड असते म्हणून मिक्सरमधून एक-दोनदा फिरवून घ्या, पण पार पिठी नको, बटरबरोबर फेटताना बारीक दाणे हवेत म्हणजे हवा धरली जाते. मिठाचंही बघा, आपल्या पिवळ्या टेबल बटरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत मीठ चालतं, ते वापरलं असेल तर वरून चिमूटभरसुद्धा नको.

दह्याबद्दल: अंडं नको असेल तर हरकत नाही, पण पातळ दही नको, चक्का घ्या, ३ मोठे चमचे, आणि लागलंच तर चमचाभर दूध. दह्याचं पाणी पिठात गेलं की ते सैल होतं, मग आपण मैदा वाढवत बसतो, तुमचं तेच झालं. अंड्याच्या बलकातलं फॅट त्यात नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मस्त लागतात पण दुसऱ्या दिवशी जरा कोरड्या पडतात, लगेच संपवायच्या.

आणि ओटीजी. डायलवर १८० आणि आत खरे १८० यात १५-२० अंशांचा फरक सर्रास असतो, कधी जास्त कधी कमी. ओव्हन थर्मामीटर काही फार महाग नाही, आत ठेवून बघा. दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, एका वेळी एकच ट्रे, पंखा असेल तर बंद किंवा १६० वर करा. ट्रे काळा असेल तर बूड लवकर भाजतं, म्हणून ८ मिनिटांनीच बघा. सगळा घाणा टाकण्याआधी दोनच कुकीज भाजून बघा, तुमच्या ओटीजीचा टाइम तिथेच कळेल आणि बाकीचं पीठ वाचेल.

आणि त्या कडक झालेल्या टाकू नका हं! मिक्सरमधून भरड काढा, पातळ केलेलं थोडं बटर मिसळून वाटीत दाबा, वर आंब्याचं श्रीखंड घालून फ्रिजमध्ये सेट करा. ओटीजी कोणता आणि ट्रे कसा आहे ते इथे खालीच लिहा, मी बघून सांगते.