‘100 कंपन्या’ आणि आपलं वीजबिल

‘जगातलं 71 टक्के प्रदूषण फक्त 100 कंपन्या करतात. कार्बन फूटप्रिंट (आपल्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब) हे तेल कंपनीनं काढलेलं खूळ आहे. आपण भारतीय तर मुळातच कमी प्रदूषण करतो. तेव्हा घरातले दिवे-पंखे बंद करून काही होणार नाही.’ हा मजकूर कित्येक ग्रुपवर फिरतोय आणि एरवी नीट वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

71 टक्क्यांचा आकडा 2017 च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला आहे. आकडा खरा, पण लावलेला अर्थ चुकीचा. ती यादी कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्यांची आहे. चीनचा कोळसा तर तिथं एकच ‘उत्पादक’ म्हणून धरलाय. 1988 पासूनचं औद्योगिक उत्सर्जन त्यात मोजलंय, जंगलतोड वगैरे नाही. मुख्य म्हणजे त्यातलं सुमारे 90 टक्के उत्सर्जन इंधन विकलं गेल्यावर, ते जाळताना होतं. आपली कोल इंडियाही यादीत आहे. तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स विदर्भात कोळसा काढते, तो चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो आणि त्या विजेवर महाराष्ट्रातले गिझर तापतात. कंपनीच्या खात्यावर मांडलेला धूर तो हाच.

फूटप्रिंटचा मुद्दा अर्धा खरा. 2000 नंतरच्या दशकात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीनं जाहिरातींतून हा शब्द घरोघरी नेला आणि त्यावरचा राग रास्तच आहे. पण मूळ कल्पना रीस आणि वॅकरनॅगल या अभ्यासकांच्या 1990 च्या दशकातल्या ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’मधून, म्हणजे माणसाला निसर्गातलं किती लागतं याच्या हिशेबातून आली. जाहिरात लबाड होती म्हणून मोजणं खोटं ठरत नाही.

आता दिवे-पंखे. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज सरासरी 12 तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळपास 200 युनिट, म्हणजे 140 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. स्वयंपाकाचा 14.2 किलोचा अख्खा सिलिंडर जळला की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, यावरून अंदाज घ्या. एसी एक अंश वर ठेवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मोबाइलचा चार्जर मात्र काढलात काय, नाही काढलात काय, फरक नगण्य. तिथं जीव आटवू नका.

भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोनेक टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन त्याच्या कितीतरी पट. हे खरंच. पण ही सरासरी एका बल्बवर भागवणाऱ्या पाड्यामुळे खाली राहते. तीन एसींच्या फ्लॅटनं तिच्याआड लपणं अन्यायाचं आहे.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराच्या सौर पॅनेलना किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं वर्षाचं बिल काढा आणि येत्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर हा विषय घ्यायला सचिवांना लेखी कळवा.