पाटाचं दार कोणाकडे? अप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अप्पा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर द्यायला बसले होते पण तेव्हा लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं म्हणून थांबले. दोन दिवस डोक्यात तेच चाललंय आणि तुमच्या निम्म्या गोष्टी मला पटल्यात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपण खान्देशी माणसं दिवसभर नेटवर असतो पण नुसतं बघतो आणि पुढं ढकलतो, स्वतःचं काही घालत नाही. गावाची नावं नकाशात नीट करा, देवळाबंधाऱ्यांचे फोटो टाका, विकिपीडियावर आपल्या तालुक्याचं पान सुधारा, अहिराणीत लिहा, असं सगळं. त्यावर अप्पांचं म्हणणं असं की ताई, ही रिकामटेकड्यांची कामं आहेत, कंपन्या तुमच्याकडून फुकट राबवून घेतात आणि तुम्ही त्याला समाजसेवा म्हणता, इकडे कापसाला भाव नाही आणि तुम्ही पोरांना अजून मोबाईलला चिकटवा, आणि याच मोबाईलनं राईनपाड्यात काय केलं ते आमच्या साक्री तालुक्याला विचारा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तोच सगळ्यात जड आहे आणि मागच्या लेखात त्याचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता ही माझी चूक आहे, ती मान्य करते.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून मारून टाकलं. त्या काळात देशात अशाच अफवांवरून बाकी ठिकाणीही माणसं मारली गेली होती, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली, पुढे २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. म्हणजे कंपनीलाही कळलं होतं की ढकलणं इतकं सोपं ठेवलं की काय होतं.

पण अप्पा, त्या मेसेजकडे नीट बघा. तो कोणी लिहिला? कधी लिहिला? आधी काय होता आणि फिरता फिरता त्यात कोणी काय वाढवलं? काही कळत नाही. फॉरवर्डला बाप नसतो. मी ज्याबद्दल लिहिलं होतं ते नेमकं याच्या उलटं आहे. विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा, वर 'इतिहास' असं लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की पहिल्या दिवसापासून कोणी कोणता शब्द घातला, कोणता काढला, किती वाजता, सगळं ओळीनं दिसतं. चुकीचं असेल तर कोणीही ते उलटवू शकतो, वाद असेल तर बाजूच्या चर्चापानावर भांडण होतं आणि ते भांडणही तिथेच राहतं, पुसलं जात नाही. असं सगळं असतं तर ती माणसं वाचली असती असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणायचा मला हक्क नाही. मला एवढंच म्हणायचंय की आपल्या लोकांना नेटची ओळखच ढकलण्यापासून झाली, लिहून त्याखाली आपलं नाव लावायची सवय लागलीच नाही. ही सवय असलेला माणूस मेसेज आला की निदान विचारतो, कोणी लिहिलंय हे?

आणि वेब मुळात बघण्यापुरती नव्हतीच. वेब ज्यांनी शोधली त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर बनवला त्यात पान वाचताही यायचं आणि तिथल्या तिथे बदलताही यायचं. लिहायची सोय नंतरच्या ब्राउझरांतून गळली. मग वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी काढली, कोणीही यावं आणि पान सुधारावं अशी, तेव्हा ती परत आली. विकीचा अर्थ हवाईच्या भाषेत 'झटपट'.

आता फुकट राबवण्याचं. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी तर पुढे जाऊन म्हणते की आपल्याला न सांगता राबवलं गेलंय. वेबसाइटवर वाकडीतिकडी अक्षरं यायची आठवतं का, ओळखा आणि टाइप करा, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा? रीकॅप्चा म्हणतात त्याला, २००७ पासूनचं. त्यातली बरीच अक्षरं जुन्या पुस्तकांतली आणि वर्तमानपत्रांतली होती, कॉम्प्युटरला न वाचता आलेली, ती आपण लोकांनी वाचून दिली. २००९ मध्ये ते गूगलनं विकत घेतलं. मी स्वतः रेल्वेचं तिकीट, परीक्षेचे फॉर्म, कुठेकुठे अशी अक्षरं भरलीत आणि त्यातली किती माझी परीक्षा होती आणि किती दुसऱ्याचं काम होतं मला माहीत नाही. मग फोटोतले सिग्नल ओळखा, बस ओळखा आलं.

पण अप्पा, फुकट काम म्हटलं की ते वाईटच, हे तुम्ही पांझरा नदीकाठचे बागायतदार असून म्हणताय याचं मला नवल वाटलं. तुम्हाला पाणीवाटपाची फड पद्धत मी सांगायची का? माझ्या आईचं माहेर तिकडचंच, लहानपणी सुट्टीत बघितलंय. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड म्हणजे तुकडे, एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाण्याचा हिशोब जुळतो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर लक्ष ठेवायला हवालदार. आणि हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी मिळून उतरायचं, त्या दिवसाची मजुरी कोणी मागितली का कधी? नाही, कारण त्या पाटाचं पाणी आपल्याच वावरात येणार हे प्रत्येकाला माहीत होतं. तीनचारशे वर्षं हे चाललं. तोच गाळ दुसऱ्याच्या खाजगी विहिरीतला काढायला कोणी फुकट बोलावलं असतं तर आजोबांनी टोपी सरळ केली असती आणि घरी गेले असते.

माझं म्हणणं सगळं इथे आहे. फुकट करायचं की नाही हा प्रश्न मागून येतो, आधी बघायचं की पाटाचं दार कोणाच्या हातात आहे. मागच्या लेखात मी नकाशे, रिव्ह्यू, विकिपीडिया, फोटो, सगळं एकाच पोत्यात भरलं होतं, ते चुकलं. कंपनीच्या नकाशावर तुम्ही हॉटेलचा रिव्ह्यू लिहिला, दुकानाची वेळ भरली, फोटो टाकला, तर तो सगळा गोळा झालेला माल कंपनीच्या गोदामात जातो, तुम्हाला परत बघायला मिळतो पण सगळाच्या सगळा उचलून दुसरं काही करता येत नाही, उद्या त्यांनी दार लावलं तर लागलं. विकिपीडिया ना-नफा संस्था चालवते, तिथला मजकूर कोणीही उचलू शकतो, छापू शकतो, फक्त कुठून घेतला ते सांगायचं आणि पुढच्याला तशीच मोकळीक द्यायची. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसानं २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशाची माहिती फुकट वापरता येत नव्हती. त्यातलं सगळं कोणालाही उतरवून घेता येतं, अख्ख्या जगाचं. कंपन्याही घेतात हे खरं आहे, म्हणजे तुमचा संशय तिथेही थोडा उरतोच, पण कंपनी घेते तेवढंच मलाही घेता येतं आणि धुळ्याच्या एखाद्या पोराला ॲप बनवायचं असेल तर त्यालाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचं गाव पिंपरी. आता जळगाव जिल्ह्यात पिंपऱ्या किती, मोजायला बसलात तर दुपार जाईल. एक खुर्द, एक बुद्रुक, आणि वर काहींच्या नावापुढे प्र. आणि एखादं अक्षर, प्र. म्हणजे प्रगणे, कोणत्या जुन्या प्रगण्यातली पिंपरी ते कळावं म्हणून. नकाशावाल्यांना ते प्र. काय ते कळत नाही, ते गाळून टाकतात. चार वर्षांपूर्वी माझ्या चुलत जावेला रात्री कळा सुरू झाल्या, गाडी बोलावली, ड्रायव्हर बिचारा बाहेरचा, मोबाईलच्या नकाशावर पिंपरी टाकून निघाला आणि दुसऱ्याच पिंपरीत जाऊन उभा राहिला. पाऊण तास गेला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या पाऊण तासात सासूबाई ओट्यावर बसून एकच वाक्य म्हणत होत्या, "आमना गावनं नावच चुकेल शे." त्यांना नकाशा म्हणजे काय माहीत नाही, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्हीकडे दुरुस्ती केली. कंपनीच्या नकाशावर 'तुमची सूचना तपासत आहोत' असं कित्येक आठवडे दिसत राहिलं. ओपनस्ट्रीटमॅपवर मी गावाचा ठिपका सरकवला, देवनागरीत नाव घातलं, शाळा, आरोग्य उपकेंद्र, फाट्यापासूनचा रस्ता घातला आणि चहा होईपर्यंत नकाशात दिसायला लागलं. आता गंमत नाही, अडचण सांगते, आपल्याकडचे ड्रायव्हर कंपनीचाच नकाशा वापरतात, त्यामुळे मला तिथेही मागे लागावं लागलंच. म्हणून कंपनीच्या दारात अजिबात जाऊच नका असं मी म्हणणार नाही. गरजेपुरतं जायचं, डोळे उघडे ठेवून, आणि आपला वेळ जास्त कुठे घालायचा ते ठरवून.

कापसाच्या भावाचं म्हणालात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, नकाशात गाव भरून कापसाचा भाव वाढत नाही. पण शेतकरी रिकामटेकडा नाही आणि तो हेच सगळं रोज करतोय, तुम्ही पण करता. माझा भाऊ रावेरकडे केळी करतो. सकाळी उठला की रावेर-बऱ्हाणपूरचे केळीचे भाव ग्रुपवर बघतो, व्यापारी जाहीर भावापेक्षा किती कमी देतोय ते दहा जण लिहितात त्यावरून अंदाज घेतो, पानावर पिवळे पट्टे दिसले की फोटो टाकतो, कोणी म्हणतं सीएमव्ही आहे, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग, झाड उपटून लांब पुरून टाक, कोणी म्हणतं नाही रे, अन्नद्रव्याची कमतरता आहे, थांब. हे सगळं ज्ञानच आहे ना? आणि ते जातं कुठे? गुड मॉर्निंगच्या फुलांखाली. पुढच्या वर्षी तोच रोग, तोच फोटो, तोच प्रश्न आणि ज्यानं मागच्या वर्षी बरोबर उत्तर दिलं होतं त्यानं ग्रुप सोडलेला असतो. ते चार फोटो, कुठल्या वाणावर, लागवडीनंतर कितव्या महिन्यात, एवढं जरी उघड्या जागी लिहून ठेवलं तरी यावलच्या माणसाला शोधल्यावर सापडेल. माझ्या भावाला मी हे दोन वर्षं सांगतेय, आता कुठे त्यानं एक वही उघडल्यासारखं पान केलंय.

माझ्या आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी पण अशीच गेली. मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती, झोक्यावरची, घरच्या ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, आणि आज चौदा जणांच्या त्या ग्रुपमध्ये एकाच्याही फोनमध्ये ती नाहीत. फोन बदलले, जागा भरली, पुसली. आईला आता दोनच ओळी आठवतात. यात कंपनीचा दोष नाही, माझा आहे, मी उघड्या जागी ठेवली नाहीत.

अहिराणीत लिहून वाचणार कोण, असंही तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. २०११ च्या जनगणनेत खान्देशी, आपली अहिराणी धरून, ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे साधारण साडेअठरा लाख, आणि ज्यांनी मातृभाषा मराठीच लिहिली ते आपल्यासारखे वेगळेच. यूट्यूबवर अहिराणी गाणी लग्नालग्नात वाजतात, तालुक्याच्या बाहेर वाजतात, म्हणजे ऐकणारे आहेत. लिहिलेलं मात्र शोधून सापडत नाही. मी 'शे', म्हणजे 'आहे', टाइप केलं की माझा कीबोर्ड 'शेअर' सुचवतो. त्याला तरी कसं कळणार, त्यानं वाचायला आपण काही ठेवलंच नाहीये.

पोरांचं मात्र तुम्ही म्हणता ते मी मनावर घेतलंय. रील बघत तीन तास जातात ते मलाही दिसतं घरात. सुट्टीत माझ्या भाच्याला मी गावातल्या बारवेचा फोटो काढायला पाठवला, तर तो फोटो काढून आला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून पण आला की कोणी बांधली, त्यासाठी दोन तास मोबाईल खिशात होता. एका पोराचं उदाहरण आहे, त्यावरून जास्त काही म्हणत नाही.

आता माझं तुमच्याकडे काम आहे. तुमच्या गावात अजून फडाची नावं माहीत असलेली माणसं आहेत असं तुम्हीच मागे एकदा लिहिलं होतं. मराठी विकिपीडियावर, जो १ मे २००३ ला सुरू झालाय, तिथे ऐकीव माहिती सरळ घालता येत नाही, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेला, विश्वासाचा संदर्भ लागतो, त्यामुळे ते मी शोधते. पण बंधाऱ्याचे, पाटाचे, पाणी फोडायच्या जागेचे फोटो आणि तुमचं बोलणं रेकॉर्ड करून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्याच संस्थेच्या फोटो-रेकॉर्डिंगच्या खुल्या साठ्यात, ठेवता येईल, तुमच्या नावानं, वापरणाऱ्याला ते नाव सांगावं लागेल अशा अटीवर. तुम्हाला नाव नको असेल तर तसं सांगा. पाटकऱ्याला धान्य किती मिळायचं, दुष्काळात कोणत्या फडाला आधी पाणी, भांडण झालं तर कोण सोडवायचं, हे मला आईकडून अर्धवट कळलंय.

पुढच्या रविवारी मी साक्रीला मावसबहिणीकडे येतेय. सकाळी ऊन व्हायच्या आत बंधाऱ्यावर जाऊ, तुम्ही दाखवा आणि बोला, टाइप मी करते, आणि टाकायच्या आधी वाचून दाखवते, तुम्ही हो म्हणाल तेवढंच वर जाईल.